काहील चकचकीत नको, स्वच्छ हवी

गुऱ्हाळाचा हंगाम आला की उसाच्या जातीची, गुळाच्या भावाची आणि गुळव्याच्या हाताची चर्चा गावोगाव होते. काहील कोण धुतो, कशाने धुतो, हे मात्र कोणी विचारीत नाही. आमच्या मते धूलकोट आणि आसपासच्या गावांतील ज्या बांधवांकडे घरचा ऊस आहे व जे घरचा गूळ करतात, त्यांनी यंदा हा प्रश्न आधी विचारावा.

रस आटताना काहिलीच्या बुडाला खपली का धरते, हे प्रथम पाहू. उसाच्या रसात साखरेबरोबर माती, मेण, चिकट द्रव्ये आणि क्षार असतात. रस निवळावा म्हणून आपण भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतो, थोडी चुन्याची निवळीही घालतो. पुष्कळशी घाण मळी होऊन वर येते व ती आपण झाऱ्याने काढतो. उरलेले चुनखडीसारखे क्षार पाणी आटत जाईल तसे बुडाला बसतात. त्यांच्यावर साखर करपते, आणि दगडासारखा थर तयार होतो. दूर कॅनडात मेपल नावाच्या झाडाचा रस आटवून पाक करतात. त्या रसात साखर शेकडा २ च्या आसपास, म्हणून १ लिटर पाकासाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. तेथील शेतकऱ्यांच्या स्टीलच्या कढयांनाही असाच चुनखडीचा थर धरतो. म्हणजे दुखणे केवळ आपले नाही.

कित्येकजण म्हणतात, “आगीवर सगळे शुद्ध होते, एवढे धुवायचे कशाला?” आगीने जंतू मरतात हे खरे, पण खपली जळून जात नाही. ती उष्णता अडवते, म्हणून चिपाड जास्त जळते. जेथे थर जाड, तेथे पत्रा जास्त तापतो आणि रस करपतो. गूळ काळसर पडण्याची आणखीही कारणे आहेत. उसाची जात, जमीन, खत यांचा त्यात वाटा असतोच. पण करपलेली काहील हे आपल्या हातातले कारण आहे. गूळ काळा झाला की व्यापारी भाव पाडतो, आणि मग भाव मिळावा म्हणून हायड्रॉस पावडरीचा डबा उघडला जातो. त्या पावडरीतला गंधकाचा अंश गुळात उरतो. दमेकऱ्यांना तो विशेष बाधतो. म्हणून आम्ही म्हणतो की, पिवळ्या गुळाची सुरुवात पावडरीच्या डब्यापासून नव्हे, धुतलेल्या काहिलीपासून व्हावी.

आता धुण्याची रीत. गूळ वाफ्यात ओतला की काहील थोडी निवू द्यावी, पण सुकू देऊ नये. लगेच गरम पाणी घालून लाकडी उलथण्याने चिकटलेले सोडवावे. साखर पाण्यात विरघळते, तिला दुसरे काही लागत नाही. चुनखडीचा थर मात्र आंबटालाच दाद देतो. चिंचेचे पाणी, बिनमिठाचे आंबट ताक किंवा दर लिटर कोमट पाण्यात २५ ग्रॅम लिंबूसत्त्व घालून ते अर्धा तास काहिलीत ठेवावे, मग नारळाच्या काथ्याने घासावे. थर जुना असेल तर हेच दोनतीनदा करावे. शेवटी भरपूर साध्या पाण्याने धुवावे. मेपलवाले काही ठिकाणी हंगामाच्या अखेरचा रसच कढईत आंबू देतात व त्यानेच थर सोडवतात. आपल्या उन्हात हे करू नये. माश्या आणि गांधीलमाश्यांचे मोहोळ उठेल.

काहील लोखंडी असेल तर आंबट फार वेळ ठेवू नये, कारण ते लोखंडही खाते. धुऊन लगेच कोरडी करावी आणि खाण्याच्या तेलाचा हात फिरवावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा रस आटवायला वापरूच नये. उसाचा रस मुळातच किंचित आंबट असतो, त्यात जस्त उतरते. स्टीलच्या काहिलीवर लोखंडी तारेचा काथ्या चालवू नये. तिचे कण रुततात व गंजतात. ब्लीचिंग पावडर व संडास धुण्याचे ॲसिड तर दूरच ठेवावे. त्यांतल्या क्लोरीनच्या क्षारांनी स्टीलला बारीक भोके पडतात, आणि ही दोन एकत्र आली तर विषारी वायू सुटतो. बाहेरच्या बाजूची काजळी मात्र खुशाल राहू द्यावी. तिच्यापासून गुळाला धोका नाही, आणि ती घासण्यात मजुरी वाया जाते.

साखर कारखान्यांत बाष्पकांची खपली काढायला कॉस्टिक सोडा उकळतात. तेथे त्यासाठी शिकलेले लोक व साधने असतात. गुऱ्हाळावर हे काम बहुधा मजुराच्या बायकोला वा पोराला सांगितले जाते, तेही रात्री, उघड्या हातांनी, कंदिलाच्या किंवा एका बल्बच्या उजेडात. कॉस्टिकचा एक थेंब डोळा घालवू शकतो. आमचे स्पष्ट मत आहे की, जे रसायन मालक स्वतःच्या मुलाच्या हाती देणार नाही, ते त्याने मजुराच्या मुलाच्याही हाती देऊ नये. आणि खरे म्हणजे मुलांचे ते कामच नव्हे.

धुण्याचे गोड पाणी नाल्यात सोडू नका. साखरेने नाल्यातला प्राणवायू संपतो व मासे मरतात. ते शेणखताच्या खड्ड्यात जिरवा. उन्हाळ्यात पाण्याची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको.

एवढे करायला जास्तीचा एक तास आणि पावशेर चिंच लागते. मजुराला त्या तासाचे दाम द्यावे, म्हणजे काम मनापासून होईल. गिऱ्हाईक गुळाची ढेप उचलून रंग पाहते. आपण मात्र आधी काहिलीचे बूड पाहावे.