घरातले यंत्र : आयपॉडचा पडदा अंधुक झाला तर

सांगोला तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे सासरे गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवीत. ते गेले त्याला तीन वर्षे झाली. पुण्याच्या भाच्याने मंडळाचे भजन मुद्रित करून आपल्या जुन्या आयपॉडमध्ये भरून दिले होते, त्याची नक्कल दुसरीकडे कोठेही नाही. आता त्या आयपॉडच्या पडद्यावरचे अक्षर दिसेनासे झाले आहे. तालुक्याचा दुकानदार म्हणतो, सगळे पुसून नव्याने बसवू, चालू झाला तर झाला. ताई विचारतात, द्यावा का?

ताई, देऊ नका. आधी भजने बाहेर काढून घ्या, मग पडद्याचे पाहू.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आयपॉड म्हणजे अमेरिकेच्या अ‍ॅपल कंपनीचे खिशात मावणारे गाणी वाजविण्याचे यंत्र. पहिले २००१ च्या ऑक्टोबरात आले. गोल चक्राचा मोठा आयपॉड २०१४ साली बंद झाला आणि उरलासुरला शेवटचा प्रकार २०२२ साली. त्यामुळे सुटे भाग मिळतात ते बहुधा दुसऱ्या जुन्या यंत्रातून काढलेलेच.

आता पडद्याचे. हा पडदा स्वतः उजेड देत नाही. खिडकीला रंगीत कागद लावावा आणि मागून दिवा धरावा, तसा प्रकार आहे. मागचा बारीक दिवा लागला नाही की चित्र जागच्या जागी असूनही दिसत नाही. गाणी तर तिसऱ्याच ठिकाणी, आतल्या चकतीवर असतात. तेव्हा पडदा मंदावला म्हणून भजने गेली, असे मुळीच नाही. इअरफोन कानाला लावून प्लेचे बटण दाबून पाहा, पुष्कळदा गाणे वाजत असते.

पण काही करण्याआधी यंत्राची कड बोटाने चाचपून पाहा. पुढचा भाग आणि पाठीचा पत्रा यांत फट पडली असेल, किंवा पडदा मधोमध उचलल्यासारखा वाटत असेल, तर आतली बॅटरी फुगलेली आहे. असे यंत्र चार्जरला लावू नये, दाबू नये, टोचू तर मुळीच नये, कारण ही बॅटरी पेट घेते. गादी, कडबा, सरकीची पोती यांपासून दूर, फरशीवर किंवा मातीच्या भांड्यात ठेवावे आणि जाणत्या कारागिराकडून बॅटरी काढून घ्यावी. काढलेली बॅटरी उकिरड्यावर टाकू नका. जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्राकडे द्या. पहिल्या पिढीच्या छोट्या नॅनो आयपॉडची बॅटरी तापते म्हणून कंपनीनेच २०११ साली ती यंत्रे बदलून द्यायला घेतली होती, हे लक्षात असू द्या.

कड सपाट असेल तर घाबरू नका. माथ्यावरची सरकती कळ पाहा. तिच्यापाशी नारिंगी रंग दिसत असेल तर कुलूप लागले आहे, बटणे चालणार नाहीत. कळ सरकवून रंग झाका. मग चार-पाच तास चार्ज करा, कारण बॅटरी अगदी उतरली असली तरी पडदा काळाच राहतो. तरी उजेड नसेल तर यंत्र अंगणात नेऊन उन्हाच्या तिरिपेत धरा, किंवा रात्री विजेरीचा झोत आडवा पाडा. फिकी का होईना, अक्षरे दिसली तर चित्र शाबूत आहे आणि दिवा तेवढा रुसला आहे. (उन्हात विसरू मात्र नका. तापला की पडदा आणखी काळवंडतो, निवला की पूर्ववत होतो.)

त्याच उजेडात सेटिंग्जमध्ये जाऊन बॅकलाइटची वेळ पाहा. कोणी ती बंद करून ठेवली असेल तर दिवा लागणारच कसा? काळ्या-पांढऱ्या जुन्या आयपॉडमध्ये काँट्रास्ट आणि नंतरच्या रंगीत यंत्रांत ब्राइटनेस अशी वेगळी ओळ असते. लहान मुलांच्या हातात चक्र फिरून तीही खाली गेलेली आढळते.

एवढ्याने जमले नाही तर कुलपाची कळ एकदा लावून पुन्हा काढा आणि मेनू व मधले बटण अशी दोन्ही सात-आठ सेकंद एकत्र दाबून धरा. सफरचंदाचे चित्र आले की सोडा. याला रिसेट म्हणतात, याने गाणी पुसत नाहीत. दुकानदार जे करू म्हणतो ते रिस्टोर. त्याने सगळे साफ होते. दोन्ही शब्द कानाला सारखेच लागतात, म्हणून देताना नीट विचारून घ्या.

भजने काढण्यासाठी गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला बोलवा. ज्या संगणकात आयट्यून्स नाही अशा विंडोज संगणकाला आयपॉड जोडावा. विंडोजवर भरलेला असेल तर तो पेन ड्राइव्हसारखा उघडतो. (मॅक संगणकावर भरलेला असेल तर विंडोजवर उघडणार नाही, मग भाच्याच्याच घरी न्यावा लागेल.) लपलेल्या फाइली दाखवा असे संगणकाला सांगितले की 'आयपॉड कंट्रोल' नावाची घडी दिसते. तिच्यातील 'म्युझिक' घडी जशीच्या तशी उतरवून घ्या. आत चार-चार अक्षरांची विचित्र नावे दिसतील, त्यांनी गोंधळू नका. गाण्याचे नाव टाकलेले असेल तर ते फाइलच्या पोटातच असते, वाजविल्यावर कळते. जोडताना संगणकाने 'इरेज अँड सिंक' असे काही विचारले तर नाहीच म्हणायचे. नक्कल पेन ड्राइव्हवर एक आणि भाच्याकडे एक, अशा दोन ठेवा.

एवढे झाल्यावर यंत्र खुशाल दुरुस्तीला द्या. पडदा कडेने दाबल्यावर उजेड लुकलुकत असेल तर आतली चपटी पट्टी सैल झाली आहे, असे कारागिराला सांगा. अर्धाच पडदा उजळत असेल तर दिवा किंवा अख्खा पडदा बदलावा लागेल. पाठीचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटणारा कारागीर मात्र टाळा. प्लास्टिकच्या पातीने उघडून आधी बॅटरीची जोडणी सोडवतो त्याच्याकडेच द्या.