तुळशी आज्जीचा सीव्ही

अप्रेझल फॉर्ममध्ये 'एक्स्पर्टीज'खाली आपण काय काय ठोकून देतो ना! अंकोल्याजवळच्या होन्नळ्ळीच्या तुळशी गौडा शाळेतच गेल्या नव्हत्या. लहानपणापासून आईबरोबर नर्सरीत राबल्या. जंगलातलं नेमकं 'आई' झाड हेरायचं, त्याचंच बी जमवायचं, रोप जगवायचं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लोक त्यांना जंगलाचा विश्वकोश म्हणायचे. वनखात्यात मात्र वर्षानुवर्षं रोजंदारी! (आपलं प्रोबेशन महिनाभर लांबलं तर केवढा थयथयाट.) २०२१ मध्ये पद्मश्री घ्यायला त्या अनवाणीच गेल्या, हालक्की पोशाखात. तो फोटो आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केला. १६ डिसेंबर २०२४ ला, ऐंशी पार करून, त्या राहत्या घरी गेल्या. गोव्याहून गोकर्णला जाताना अंकोला लागतं. बीचच्या घाईत आपण तिथे चहालाही थांबत नाही.