लिंबाएवढा दगड



गेल्या उन्हाळ्यात मालेगाव तालुक्यातील एका खेड्यावर आम्हाला जावे लागले. तेथील एका कुटुंबाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून विहीर मंजूर झाली होती आणि कागदपत्रांत काही अडचण आली होती. आमचे काम कागदाचे, विहिरीत डोकावण्याचे नव्हे. पण गेलो तेव्हा खोदकाम ५० फुटांवर आलेले, आणि खाली राबणाऱ्या चौघांपैकी एकाच्या डोक्याला पट्टी. आदल्या आठवड्यात काठावरचा दगड घसरून डोक्यात बसला होता. सहा टाके पडले.

दगड केवढा होता, असे आम्ही विचारले.

"लिंबाएवढा तं होता भाऊ," तो म्हणाला. "मोठा असता तं आम्हीच काठावरून काढून टाकला असता. एवढ्याशा गोट्यानं काय होते, असं वाटलं."

हा माणूस अनाडी नव्हे. पंधरा वर्षे विहिरी खोदतो आहे, कातळ कुठे फुटेल हे नुसते पाहून सांगतो. त्याची समजूत इतकीच की जड वस्तू जोरात पडते आणि हलकी वस्तू हळू पडते. हीच समजूत ग्रीसच्या ॲरिस्टॉटलची होती आणि पुढे जवळजवळ दोन हजार वर्षे मोठमोठे पंडित तीच घोकत राहिले. इटलीच्या गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून, वेळ मोजून पाहिला आणि १६३८ साली पुस्तकात हिशेब मांडला. हवेचा अडथळा सोडला तर जड-हलके सारे एकाच वेगाने खाली येते.

आम्ही पडलो कॉमर्सचे. आम्हाला हे खतावणीसारखे मांडले तरच कळते. पृथ्वी ओढते म्हणून पडणाऱ्या वस्तूच्या वेगात दर सेकंदाला सुमारे ३२ फुटांची भर पडते. पहिला सेकंद संपताना वेग सेकंदाला ३२ फूट, दुसरा संपताना ६४. महिन्याच्या महिन्याला पोस्टात ठराविक रक्कम टाकावी तसे. वेग असा वाढत गेल्याने अंतर मात्र भराभर फुगते. पहिल्या सेकंदात दगड १६ फूट उतरतो, पण दोन सेकंदांत ६४ आणि तीन सेकंदांत १४४ फूट.

आता ५० फुटांची विहीर घ्या. काठावरून सुटलेला दगड सुमारे पावणेदोन सेकंदांत तळाला येतो. त्यातल्या शेवटच्या अर्ध्या सेकंदात तो जवळजवळ निम्मी विहीर कापतो. वरच्याने "सरक रे!" म्हणून ओरडावे, खालच्याने ऐकून मान वर करावी, एवढ्यात खेळ खलास. आणि तळाशी त्याचा वेग ताशी सुमारे ६२ किलोमीटर असतो. लिंबाएवढ्याचाही तेवढाच, डोक्याएवढ्याचाही तेवढाच.

मग मार सारखाच बसतो का? नाही. वेग सारखा, पण मार वजनाप्रमाणे. त्याचाही सोपा हिशेब आहे, वजन गुणिले उंची. लिंबाएवढा काळा दगड साधारण १०० ग्रॅमचा. तो ५० फुटांवरून पडला की त्याच्या अंगी तेवढीच ऊर्जा येते, जेवढी ५ किलोचा घण एक फुटावरून सोडल्यावर येते. डोक्यावर एक फूट उंच ५ किलोचा घण टांगून कोणी खाली कामाला बसेल काय?

हे आमच्या शब्दावर मानू नका. घरी वही घ्या, तिच्याहून लहान कागदाचा तुकडा तिच्यावर ठेवा आणि वही आडवी धरून सोडा. कागद वहीला चिकटल्यासारखा बरोबर खाली येईल, कारण त्याच्या वाटेतली हवा वहीने बाजूला केलेली असते. हवेशिवायचा प्रयोग २ ऑगस्ट १९७१ रोजी चंद्रावर झाला. अपोलो १५ मधील डेव्हिड स्कॉट यांनी एका हातातून हातोडी आणि दुसऱ्यातून ससाण्याचे पीस सोडले. दोन्ही एकाच वेळी खाली पोचली.

आपल्याकडे हवा आहे हे आपले भाग्यच. एक किलोमीटर उंचीवरून पडणारा पावसाचा थेंब हवा नसती तर ताशी ५०० किलोमीटरने अंगावर आला असता. हवेमुळे मोठ्यातला मोठा थेंबही ताशी सुमारे ३२ किलोमीटरपुढे जात नाही. गारेचे तसे नाही. गार मोठी होते तसे तिचे वजन भराभर वाढते, हवेचा अडथळा त्या मानाने वाढत नाही. लिंबाएवढी गार ताशी ७० ते १०० किलोमीटरने आदळू शकते. ११ फेब्रुवारी २०१८ ची गारपीट आपल्या जिल्ह्यातील, बुलढाण्यातील आणि जालन्यातील शेतकरी विसरलेला नाही. उभा हरभरा आणि गहू झोपला होता. आणि हवेला मुळीच न जुमानणारा दगड काय करतो हे पाहायचे तर रिसोडच्या शेजारी लोणार आहे. लहानपणी आम्हाला तिथे राक्षसाची गोष्ट सांगितली गेली. प्रत्यक्षात आकाशातून आलेल्या उल्केने काळ्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडला. फार दुरून पृथ्वीकडे ओढल्या जाणाऱ्या वस्तूचा वेग हवेत शिरतानाच सेकंदाला किमान ११ किलोमीटर असतो.

विहिरीच्या ५० फुटांत मात्र हवा दगडाला फारशी अडवत नाही. म्हणून आम्ही त्या दिवशी कागदाचे काम बाजूला ठेवून काठावर उभे राहिलो आणि हा सारा हिशेब मातीत काडीने मांडून दाखवला. काठापासून चार-पाच फूट जागा झाडून मोकळी हवी, मलमा त्याच्या पलीकडे टाकायचा, टोपले काठोकाठ भरायचे नाही, ते वर चढत असताना खालच्यांनी एका कडेला व्हायचे आणि डोक्यावर हेल्मेट. शेवटच्या मुद्द्याला काम घेतलेला इसम हसला. "साहेब, विहिरीत काय मोटारसायकल चालवायची आहे?" आम्ही म्हटले, चालवायची नाही, ती वरून अंगावर येते, ताशी ६२ ने.

तो हसायचा थांबला, पण हेल्मेट काही त्याने आणले नाहीत. ते चौघांच्या घरच्यांनी आणि आम्ही मिळून वाशिमच्या बाजारातून आणले. विहिरीला पाणी ५८ फुटांवर लागले. टाके पडलेला भाऊ आता दुसऱ्या गावी विहिरीवर आहे. हेल्मेट घेऊन गेला, असे त्याच्या आईने सांगितले.