मेलेले नव्हे, जिवंत मासे मोजा

पंचगंगेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच दिसला, की एक ठरलेला सोहळा पार पडतो. छायाचित्रे छापून येतात, अधिकारी येतात, बाटलीत पाणी भरतात आणि जातात. अहवाल हाती येईतो ते पाणी नृसिंहवाडीस कृष्णेला मिळून कर्नाटकात पोहोचलेले असते!

बाटली सांगते ती त्या घटकेची हकीकत. मळीचे वा गटाराचे पाणी नदीत शिरले, की त्यावर पोसणारे जंतू पाण्यातील प्राणवायू फस्त करतात. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते. रात्री मात्र तेही तो ओढून घेते. म्हणूनच मासा गुदमरतो तो बहुधा पहाटे. आणि आमचे अधिकारी महाशय अवतरतात भर दुपारी, हिशेब पुष्कळसा सुधारल्यावर. मासा बिचारा अष्टौप्रहर तेथेच असतो. त्याच्याइतका हजर साक्षीदार दुसरा कोणता?

ही साक्ष वाचण्याचे शास्त्र आहे. १९८१ साली जेम्स कार या अमेरिकन शास्त्रज्ञाने ओढ्यांच्या प्रकृतीसाठी माशांच्या १२ कसोट्या मांडल्या. जाती किती, नाजूक जाती टिकल्या काय, माशांवर व्रण वा व्यंग आहे काय, अशा प्रत्येक कसोटीस ५, ३ वा १ गुण. निरोगी ओढ्यास ६०, मरणपंथास लागलेल्यास १२. अमेरिकेचे कोष्टक येथे जसेच्या तसे चालणार नाही, हे उघड आहे. पण आमच्या भोयांना त्यातले मर्म नवे नाही. खडस मासा मागतो वाहते, स्वच्छ पाणी. मरळ आणि मागूर पृष्ठभागी येऊन हवेतला श्वास घेतात. आफ्रिकेतून आलेली चिलापीही घाणीत तग धरते. तेव्हा जाळे जड लागले म्हणजे नदी निरोगी, असे समजण्याचे कारण नाही. खडस जाऊन चिलापी आली, याचा अर्थ काय, हे घाटावरचा भोई कोणत्याही प्रयोगशाळेआधी सांगेल. त्याला विचारतो कोण?

जलप्रदूषणाचा कायदा १९७४ पासून आहे. मत्स्यजीवनास लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, हे सरकारी मानकही आहे. उणीव आहे ती नित्याच्या नोंदीची. नदीच्या उगमाकडील स्वच्छ पाण्यापासून संगमापर्यंत ठरावीक ठिकाणी, प्रत्येक ऋतूत, भोयांना मजुरी देऊन जिवंत मासे जातवार मोजावेत आणि तो आकडा नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. पहिली मोजणी येत्या पावसाळ्यापूर्वी झाली पाहिजे.