पट्टी बांधून प्रज्ञा येत नाही

डोळ्यांवर पट्टी बांधून पोरगा पुस्तक वाचेल, स्मरणशक्ती वाढेल, गणितं झटपट सुटतील: मध्यमेंदू जागवतो म्हणणाऱ्या ‘मिडब्रेन’ शिबिरवाल्यांचा हा दावा. वर कोणी म्हणेल, “आपले गुलाबराव महाराज अंध असून एवढे विद्वान झालेच ना?”

आधी पट्टी तपासू. तिचं गुपित नाकाशी असतं. नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते. पोरगा मान जराशी वर करतो, पुस्तक छातीशी धरतो आणि फटीतून खाली पाहतो. फट बुजवा, वाचन थांबतं.

आता महाराज. १८८१ साली अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीत जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेली, १९१५ साली देह ठेवला. एवढ्याशा आयुष्यात शंभरावर ग्रंथ. कसे? पुस्तकं दुसऱ्याकडून वाचून घेतली, मनात धरली, मग आपले ग्रंथ सांगून लिहवून घेतले. भक्त याला ईश्वरी देणगी म्हणतात. त्या श्रद्धेशी माझा वाद नाही. पण देणगीलाही ऐकण्या-सांगण्याचे कष्ट चुकले नाहीत.

“ते महाराज होते, आमचं पोरगं साधं,” हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर साध्या विद्यार्थ्यांनीच दिलंय. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१.

मग मेंदूचे खेळ खेळून सगळीच बुद्धी वाढेल का? अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. तिथल्या कुठल्याही पोराला विचारा: नुसत्या बैठका मारून मल्लखांब येतो का? गणिताचंही तसंच. गाइडमधलं सोडवलेलं उदाहरण पाहून “समजलं” म्हणणं म्हणजे काठावर बसून पोहणं. गाइड मिटून, अडखळत, चुकत सोडवलं तरच ते अंगात मुरतं.

अकोल्या-अमरावतीच्या आईबापांनो, शिबिराची फी खिशातच ठेवा. संध्याकाळी पुस्तक मिटायला लावा आणि म्हणा, “आज काय शिकला, सांग.” दोन दिवसांनी तेच पुन्हा विचारा, आठवड्याने परत. महाराजांजवळ बसून वाचणारं माणूस होतं; तुमच्या पोराजवळ बसून ऐकणारं माणूस तुम्ही व्हा.