घरांतील यंत्रें : विजेचा तडाखा आणि संगणक

गेल्या वैशाखांत एका रात्रीं आमच्या परसापलीकडील माडावर वीज कोसळली. घर सुखरूप राहिलें. परंतु सकाळीं माजघरांतील संगणक निश्चेष्ट पडलेला आढळला. तीर्थरूप आप्पांनीं आठ वर्षें खपून घराण्याचे मोडी कागद बालबोधींत उतरविले होते, तें सारें लेखन त्या एका पेटींत होतें. मूळ कागदांपैकीं निम्मे वाळवीनें नेलेले. दुसरी प्रत ठेवावी हें सुशिक्षित म्हणविणाऱ्या आम्हां चौघां भावांपैकीं एकासही सुचलें नव्हतें!

बाजारांतील दुरुस्तीवाल्यानें पेटी उघडण्याचीही तसदी न घेतां, 'सगळें जळालें, नवाच घ्या' असा निकाल दिला. आप्पा कांहीं बोलले नाहींत. त्या दिवशीं ते जेवले मात्र नाहींत. तेव्हां आम्हीं व पुतण्यानें मिळून जें केलें तें येथें सांगतों.

वीज घरावरच पडावी लागते असें नाहीं. जवळ पडलेल्या विजेचा प्रवाह हजारों अँपिअरांचा असतो व त्याच्या योगानें आसपासच्या तारांत क्षणभर दाबाची लाट उसळते. ही लाट कांहीं मायक्रोसेकंदांत येऊन जाते. फलकावरील एमसीबी पडण्यास त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो, म्हणून तिजवर भिस्त ठेवणें व्यर्थ. शिवाय लाटेस दोन वाटा असतात: एक विजेच्या प्लगाची, दुसरी टेलिफोनच्या अथवा इंटरनेटच्या तांब्याच्या तारेची. पुष्कळ मंडळी पहिली बंद करून दुसरी विसरतात. आम्हीं तर दोन्ही उघड्या ठेवल्या होत्या. मोडेमचाही एक दिवा लागेना.

प्रथम भिंतींतील प्लगावर टेबलाचा दिवा लावून पाहिला, तो लागला. मग संगणकाचा प्लग काढून पेटी उघडली. आंत पॉवर सप्लाय नांवाची पत्र्याची डबी असते, ती मात्र कोणीं उघडूं नये. २३० व्होल्टांच्या प्रवाहापासून तिच्यांतील कपॅसिटरांत सुमारें ३२५ व्होल्ट सांठतात, व प्लग काढल्यावरही कांहीं काळ राहतात. बाहेरून तपासण्याची रीत अशी: मदरबोर्डांतून तिचा २४ कांट्यांचा जोड काढावा, त्यांतील हिरवी तार व शेजारची काळी तार वांकविलेल्या तारेच्या तुकड्यानें जोडावी, आणि मग प्लग लावावा. पंखा फिरला पाहिजे. फिरला तरी तेवढ्यानें समाधान मानूं नये; मल्टिमीटरनें पिवळ्या तारेवर १२, तांबडीवर ५ व नारिंगीवर ३.३ व्होल्ट मिळतात कीं नाहीं हें पाहावें. आमचा पंखा हललाही नाहीं.

पुतण्याच्या जुन्या संगणकाची डबी आणून जोडली. हार्ड डिस्क व नेटची तार काढून ठेवली; प्रोसेसर व मेमरीची एक पट्टी एवढेंच राखलें. पडदा उजळला! म्हणजे मदरबोर्ड जिवंत होता. नेटची तार जेथें खोंचतात तेवढीच जागा मेली होती. तिच्या ऐवजीं थोडक्या पैशांत निराळें कार्ड बसलें.

मग डिस्क जोडली, आणि पंखा एकदां हलून थांबला. डिस्क काढली कीं यंत्र चाले, जोडली कीं थांबे. आमची छाती धडधडली; वस्तुतः हेंच लक्षण शुभ होतें. ३.५ इंची डिस्कच्या पाटीवर पुष्कळदां टीव्हीएस डायोड नांवाचे दोन बारीक तुकडे असतात, एक १२ व्होल्टांच्या वाटेवर व एक ५ च्या. दाब वाढला कीं ते लाट बाजूस वळवितात, आणि त्यांतच मेले तर ती वाट कायमची शॉर्ट करून ठेवतात. म्हणून पॉवर सप्लाय आपण होऊन बंद पडतो. मल्टिमीटरनें एका तुकड्याचा रोध जवळजवळ शून्य दाखविला. गांवांतील एका वृद्ध रेडिओ-दुरुस्तकांनीं भिंगाखालीं तो अलगद काढला. (डायोड धड असून डिस्क खडखडत असेल, तर मात्र हात लावूं नये, तें काम तज्ज्ञांचें.) डिस्क फिरूं लागली. संरक्षण गेलेल्या डिस्कचा भरंवसा काय? त्याच बैठकींत सर्व लेखनाच्या दोन प्रती करून घेतल्या व तिला निवृत्त केलें.

आतां आकाश गडगडूं लागलें कीं वहिनी दोन्ही तारा उपसून ठेवतात; नुसतें बटण बंद करून भागत नाहीं. अर्थिंगच्या खड्ड्याविषयीं पुढील अंकीं लिहूं. आप्पांनीं त्या संध्याकाळीं चष्मा लावून पहिलें पान उघडलें, आणि दुसऱ्याच ओळींत शक चुकला आहे म्हणून पुतण्यास दुरुस्ती सांगूं लागले.