‘कोणते पिस्तूल घ्यावे?’ हा चौथा प्रश्न

फायरिंगचा तास संपून रायफली कोतमध्ये जमा झाल्या की वरच्या वर्गातला एखादा कॅडेट हमखास विचारतो, “सर, रोज अंगावर बाळगायला कोणते पिस्तूल चांगले? ग्लॉक नाइन्टीन की सिग?” पालकांच्या भेटीच्या दिवशी हाच प्रश्न वडीलमाणसे जरा आवाज खाली आणून विचारतात. कोणाचा जमिनीचा वाद असतो, कोणी रोकड घेऊन रात्री घरी परततो, कोणी फौजेतून निवृत्त होऊन सुरक्षारक्षकाची नोकरी धरलेली असते. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला सरळ उत्तर मिळायला हवे.

माझे उत्तर असे. विचारणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना पिस्तुलाची गरज नाही. उरलेल्या एकाने सर्वांत छोटे, सर्वांत हलके शस्त्र घेऊ नये. हाताला भरून येणारे, साधे, नव्या बनावटीचे रिव्हॉल्व्हर घ्यावे. पण तिथे पोहोचण्याआधी तीन प्रश्न ओलांडावे लागतात : कायदा काय म्हणतो, गरज खरी आहे का, आणि सराव होणार आहे का. ‘कोणते?’ हा चौथा.

कायदा

आपली मुले ज्या चित्रफिती पाहतात त्या बहुतेक अमेरिकेतल्या. तिथे निम्म्याहून अधिक राज्यांत प्रौढ माणूस परवान्याशिवाय पिस्तूल लपवून बाळगू शकतो. २०२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. ‘बाळगू का?’ याचे उत्तर कायद्याने आधीच दिल्यामुळे त्यांची चर्चा थेट ‘कोणते?’ इथून सुरू होते. आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे शस्त्र हा हक्क नसून परवाना आहे, आणि २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत तोही मिळत नाही. म्हणजे हे पान वाचणाऱ्या एकाही कॅडेटला आज अर्ज करता येणार नाही.

दुसरी गोष्ट कॅलिबरची. १९८८ साली आलेले, १५ गोळ्यांचे ग्लॉक नाइन्टीन काय, किंवा २०१८ साली आलेले, जेमतेम अर्ध्या किलोचे सिग पी-३६५ काय, दोन्ही नऊ मिलिमीटरची. आपल्याकडे नऊ मिलिमीटर हे फौजेचे आणि पोलिसांचे कॅलिबर. लष्कराचे १३ गोळ्यांचे १-ए पिस्तूल याच मापाचे. नागरिकांसाठी हे ‘प्रतिबंधित बोअर’ आहे. परवानगी केंद्रीय गृह मंत्रालयाकडून, तीही जिवाला गंभीर धोका असलेल्या मोजक्या लोकांना. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला येते ते पॉइंट ३२. त्यामुळे ग्लॉक की सिग हा वाद आपल्यापुरता निकालात निघतो.

‘लपवून बाळगणे’ म्हटले की आपल्याला काहीतरी चोरटे वाटते. शस्त्र नियम, २०१६ मात्र उलटेच सांगतात. सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असली पाहिजे. ती उगारणे, लग्नात किंवा जत्रेत मिरवणे म्हणजे परवाना गमावणे. आनंदाच्या भरात गोळीबार केला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. शिवाय परवान्यावर त्याची हद्द लिहिलेली असते. महाराष्ट्रापुरता परवाना खिशात ठेवून इकडे तमिळनाडूत शस्त्र आणले तर तो गुन्हा ठरतो. बदलीच्या नोकरीतल्या पालकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

गरज

जानेवारी २०२५ मध्ये बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची फेरतपासणी झाली, ती सर्वांनी वाचली असेल. एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने होते. कमरेला पिस्तूल लावून काढलेली छायाचित्रे आणि हवेत गोळीबाराच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरत होत्या. तपासणीनंतर शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. याचा अर्थ त्या लोकांपुढचा प्रश्न सुरक्षेपेक्षा वजनाचा होता. बुलेट, सोन्याची साखळी, तसे पिस्तूल. हा आजार आपल्या वसतिगृहापर्यंत येऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

काहींची गरज खरी असते, हे मी नाकारत नाही. धमकीची लेखी तक्रार देऊनही जीव मुठीत धरून राहणारा साक्षीदार, आडरानात वस्तीवर एकटे राहणारे कुटुंब, रोकड वाहणारा माणूस. अशांना ‘पोलिसांना फोन करा’ एवढेच सांगणे सोपे आहे. पोलीस येईपर्यंतची मिनिटे त्यांची असतात. म्हणून ज्याची गरज तक्रारीत, घटनेत, कागदावर दाखवता येते, त्याने अर्ज जरूर करावा. ज्याला ती स्वतःच्या बायकोलाही पटवून सांगता येत नाही, त्याने करू नये.

सराव

चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर हे आमचे कोवलम. आज ते मासेमारी आणि लाटांवरच्या खेळासाठी प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकात इथे किल्ला होता. १७५२ साली तो फ्रेंचांकडून घ्यायला रॉबर्ट क्लाइव्ह आला, तेव्हा त्याच्याकडे सुमारे दोनशे नवखे गोरे रंगरूट आणि नुकतेच भरती केलेले पाचशे शिपाई होते. किल्ल्यातून आलेल्या गोळीने एक जण पडला आणि बाकीचे पाठ फिरवून पळाले. एकदा तोफेच्या आवाजाने पहारेकरी असे घाबरले की त्यांतला एक काही तासांनी विहिरीच्या तळाशी सापडला, अशी नोंद आहे. बंदुका सर्वांच्या हातात होत्या. तीच माणसे पुढे गोळीबाराला सरावली आणि किल्ला पडला. शस्त्र तेच होते, फरक पडला तो सवयीने.

हीच गोष्ट मोजूनही झाली आहे. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली मांडले की धडधाकट माणूस २१ फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. प्रशिक्षित पोलिसाला होल्स्टरमधून पिस्तूल काढून नेमक्या दोन गोळ्या झाडायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. हे उघड्या होल्स्टरचे गणित झाले. शर्ट वर करून, गोंधळात, घामेजल्या हाताने काढायचे तर वेळ त्याहून जास्त. वर्षातून एकदा दसऱ्याला शस्त्र पुसून पूजणाऱ्या माणसाला ही दीड सेकंदे कधीच मिळणार नाहीत. परवान्यावर काडतुसांची संख्या मर्यादित असते आणि जवळ रेंज असेलच असे नाही. म्हणून आधी रायफल क्लबचे सभासदत्व, मग परवान्याचा अर्ज, हा क्रम मला योग्य वाटतो.

आणि मग चौथा

आता निवड. छोटे पिस्तूल बाळगायला सोपे आणि मारायला अवघड असते. शस्त्र हलके केले की तीच गोळी हाताला जास्त झटका देते. मूठ आखूड असली की करंगळीला जागा राहत नाही. नळी आखूड झाली की पुढची आणि मागची साइट जवळ येतात. गणित कॅडेटांनी स्वतः करून पाहावे. दोन साइटमध्ये ७५ मिलिमीटर अंतर असेल आणि नेम एक मिलिमीटर चुकला, तर सात मीटरवर गोळी सुमारे ९३ मिलिमीटर बाजूला जाते. तेच अंतर १५० मिलिमीटर असेल तर चूक निम्मी होते.

म्हणून माझे मत जड बाजूला झुकते. २०१४ साली कानपूरच्या ऑर्डनन्स कारखान्याने टायटॅनियम मिश्रधातूचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आणले. वजन ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, आणि जाहिरात महिलांच्या पर्समध्ये मावेल अशी. २०२३ साली आलेले ‘प्रबल’ सुमारे ७०० ग्रॅमचे, बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचे. या दोघांत मी दुसरे हातात घेऊन पाहायला सांगेन. ते दोनशे ग्रॅम दिवसभर कमरेला जाणवतील, पण गोळी सुटताना ते तुमच्या बाजूचे असतील.

पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर का? गोळ्या कमी आणि चाप जड, हे त्याचे दोष मान्य. पण कमी सराव करणाऱ्या माणसासाठी त्याचा जड चाप हीच सुरक्षा. चेंबरमध्ये गोळी आहे की नाही हे सिलिंडर उघडताच दिसते. पिस्तुलात मॅगझिन काढले तरी एक गोळी चेंबरमध्ये राहू शकते, आणि ‘रिकामे’ समजलेल्या शस्त्राने होणारे अपघात तिथेच होतात. आणखी एक : रिव्हॉल्व्हरचे पॉइंट ३२ आणि पिस्तुलाचे पॉइंट ३२ ही काडतुसे नावाने सारखी असली तरी वेगळी आहेत; दुकानदाराकडून तपासूनच घ्यावीत.

जुने, वारशाने आलेले रिव्हॉल्व्हर मात्र आधी आर्मररला दाखवा. काही जुन्या बनावटींत हॅमर थेट काडतुसावर टेकतो आणि शस्त्र पडले तर गोळी सुटू शकते. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या हातून परवान्याचे रिव्हॉल्व्हर पडून गोळी त्यांच्याच पायात लागली. सुदैवाने जीव वाचला.

होल्स्टर चाप पूर्ण झाकणारे, ताठ आणि त्याच शस्त्राच्या मापाचे हवे. किल्ल्या आणि मोबाइल असलेल्या खिशात किंवा पर्सच्या मोकळ्या कप्प्यात शस्त्र कधीही नको. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे : अमेरिकेतली जाकिटे इथे चालत नाहीत. कोवलमच्या उकाड्यात पातळ शर्टाखाली काहीही लपत नाही, आणि घाम व खारा वारा पोलादाला दोन-चार दिवसांत गंज चढवतात. रोज पुसणे, तेल देणे होणार नसेल तर ते शस्त्र ऐनवेळी दगा देईल. घरी ते कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि किल्ली मुलांना माहीत नसलेल्या जागी.

एवढे करूनही गोळी सुटल्यानंतरचे काम उरतेच. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी संरक्षणाचा हक्क देतात, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा देत नाहीत, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्क मिळत नाही. चुकलेली गोळीही तुमचीच असते. रविवारी संध्याकाळी इथल्या किनाऱ्यावर पोरेबाळे घेऊन आलेली गर्दी पाहिली की, अशा जागी कोणी चाप ओढावा इतका कोणाचा नेम चांगला आहे, हे मला सांगता येत नाही.

कॅडेट मित्रांनो, पिस्तुलाची ओढ असणे यात वावगे काही नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसहून रायफलचे कांस्य आणले. हा रस्ता दहा मीटरच्या एअर पिस्तुलापासून सुरू होतो, आणि तुम्हाला तो आजच मोकळा आहे. पुढे कमिशन मिळाले तर फौज तुम्हाला शस्त्रही देईल आणि ते सही करून कोतमध्ये परत करण्याची शिस्तही.

पालकांना विनंती एवढीच, की धमकी असेल तर आधी लेखी तक्रार द्या, तिची पोच सांभाळा, मग क्लब, मग अर्ज. दुकानात जाण्याचा दिवस त्यानंतरचा. आणि घरात परवान्याचे शस्त्र आधीच असेल, तर सुट्टीत मुलगा घरी येण्यापूर्वी त्याचे कुलूप एकदा तपासून पाहा.